केबल नवी, चित्र जुनंच: टीव्ही-जोडणीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं टीव्हीच्या मागच्या बाजूची आहेत. जिथे हात पोचत नाही, टॉर्च लावल्याशिवाय पोर्टाखालची अक्षरं दिसत नाहीत, ती बाजू. सारख्या अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत आणि लांबलेली थोडी छाटली आहेत.

प्रश्न (मनीष नगर, नागपूर): ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. बर्डीवरून 'व्हर्जन २.१, एट-के' छापलेली एचडीएमआय केबल आणली. लॅपटॉप जोडला की चित्र फोर-के येतं, पण ३० हर्ट्झच. माउसचा बाण अडखळत चालतो. दुकानदार म्हणतो केबल चांगली आहे. मग चूक कुणाची?

उत्तर: दुकानदार बहुधा खरं बोलतोय. फोर-के येतं पण ३० हर्ट्झवर अडतं, हे दुखणं बहुतेक वेळा लॅपटॉपच्या पोर्टचं असतं.

हिशेब करून पाहा. फोर-केच्या एका चौकटीत दिसणारे बिंदू ३८४० गुणिले २१६०. कडेची न दिसणारी जागा धरली की तारेवरून ४४०० गुणिले २२५० बिंदूंइतका वेळ खर्च होतो. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० चौकटी, म्हणजेच ५९.४ कोटी बिंदू. प्रत्येक बिंदूला तीन रंग, प्रत्येक रंगाला तारेवर १० बिट. गुणाकार झाला सेकंदाला १७.८२ गिगाबिट. २००९ च्या एचडीएमआय १.४ ची नळीच १०.२ गिगाबिटची. ६० हर्ट्झ तिच्यात मावत नाही. ३० हर्ट्झचे ८.९१ गिगाबिट मावतात, म्हणून लॅपटॉप तेवढंच पाठवतो. २०१३ च्या २.० मध्ये नळी १८ गिगाबिटची झाली आणि २०१७ च्या २.१ मध्ये ४८ ची.

आवृत्तीचा आकडा पोर्टाचा असतो, केबलचा नसतो. केबलची प्रमाणित नावं वेगळी आहेत: 'हाय स्पीड' १०.२ गिगाबिटपर्यंत, 'प्रीमियम हाय स्पीड' १८ पर्यंत, 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८ पर्यंत. अल्ट्राच्या खोक्यावर क्यूआर कोडचं प्रमाणन लेबल असतं आणि ते एचडीएमआयच्या ॲपमधून तपासता येतं. खोक्यावर मोठ्ठं '२.१' असून हे लेबल नसेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. टीव्हीच्या माहितीपत्रकातला '२.१' सुद्धा जपून वाचा. त्या आवृत्तीतल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत. १२० हर्ट्झ न देणारं पोर्टही '२.१' म्हणून खपवता येतं. दुकानात आकडा विचारू नका, 'कोणत्या पोर्टवर फोर-के १२० हर्ट्झ घेतो?' असं विचारा. चार पोर्टांपैकी दोनच घेतात, असं उत्तर सर्रास येतं.

आता तुमच्याकडे काय करायचं? आधी टीव्हीची सेटिंग. कारखान्यातून पोर्ट बरेचदा कमी वेगावर ठेवून येतात. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीमध्ये 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' हे शोधा आणि ज्या पोर्टला लॅपटॉप आहे त्याच पोर्टसाठी चालू करा. सेटिंग पोर्टागणिक वेगळी असते. मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन ६० हर्ट्झ दिसतं का पाहा. दिसलंच नाही, तर पोर्ट १.४ चं आहे असं समजा. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असेल आणि त्याच्याशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह असेल, तर 'फोर-के ६० हर्ट्झ' लिहिलेला टाइप-सी ते एचडीएमआय ॲडाप्टर घ्या. त्याच किमतीच्या आसपास ३० हर्ट्झचेही ॲडाप्टर मिळतात, तेव्हा खोक्यावरचा आकडा बघूनच पैसे द्या.

६० मिळूनही लाल-निळी अक्षरं कडेला पुसट दिसली, तर रंगाची माहिती छाटून येते आहे. टीव्हीत त्या इनपुटचं नाव बदलून 'पीसी' करा. बऱ्याच टीव्हींत एवढ्यानेच अक्षरं धारदार होतात.

प्रश्न (महाल): गच्चीवर डिशची छत्री आहे. मागच्या पावसाळ्यात जवळच वीज पडली. टीव्ही चालू राहिला, पण दोन एचडीएमआय पोर्ट गेले. स्टॅबिलायझर होता तरी असं कसं?

उत्तर: स्टॅबिलायझर व्होल्टेज वर-खाली होतं ते सांभाळतो. विजेचा झटका काही मायक्रोसेकंदांत येऊन जातो, तोवर त्याची रिलेसुद्धा हललेली नसते. शिवाय तुमच्याकडे झटका भिंतीतल्या बोर्डातून आलाच नसावा. छत्रीची कोएक्स वायर गच्चीवरून सरळ सेट टॉप बॉक्समध्ये येते. जवळ वीज पडली की गच्चीवरचा सांगाडा आणि घरातलं अर्थिंग यांच्यात क्षणभर मोठा फरक पडतो. तो फरक कोएक्सच्या जाळीतून बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआयच्या तारेत, तिथून टीव्हीत आणि टीव्हीच्या तीन-पिनी प्लगमधून अर्थिंगला जातो. या वाटेवर सर्वांत नाजूक काय, तर एचडीएमआयची चिप. १९ पैकी १५, १६ आणि १९ क्रमांकाच्या पिना, म्हणजे 'मी कोणता टीव्ही आहे' हे सांगणाऱ्या आणि 'केबल लागली' हे कळवणाऱ्या तारा, ५ व्होल्टवर चालतात आणि थेट चिपपर्यंत जातात. त्या आधी मरतात, बाकीचा टीव्ही मजेत चालतो.

खात्री करायची तर बॉक्स दुसऱ्या टीव्हीला लावा. कधी टीव्हीचं पोर्ट शाबूत असतं आणि बॉक्सचं गेलेलं असतं. एखादं पोर्ट वाचलं असेल तर तीन इनपुटांचा एचडीएमआय स्विच लावून काम भागतं. तेही नसेल तर बॉक्सचा पिवळा-लाल-पांढरा एव्ही आउट वापरा. चित्र ५७६ रेषांचं येईल, बातम्यांना पुरतं.

पुढच्या पावसाळ्यासाठी तीन गोष्टी. ढग भरून आले की प्लग काढा आणि बॉक्सची कोएक्सही फिरवून काढा. नुसता बोर्डाचा स्विच बंद करून उपयोग नाही, कारण कोएक्सची वाट उघडीच राहते. मात्र डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर त्या वायरीला हात लावू नका. दुसरं, कोएक्स घरात शिरते तिथे ग्राउंडिंग ब्लॉक बसवून तो घराच्याच अर्थिंगला जोडा. गच्चीवर वेगळी सळई ठोकून तेवढ्यावर सोडलं, तर दोन अर्थिंगमधला फरक पुन्हा टीव्हीतूनच वाट काढतो. तिसरं, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. जुन्या वाड्यांमध्ये तिसरी पिन कित्येकदा नावालाच असते.

याच पत्रात 'केबल लावताना बोटांना झिणझिण्या येतात' असंही लिहिलं आहे. दोन-पिनी प्लगच्या बॉक्सचा सांगाडा आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो. प्रवाह अगदी थोडा, माणसाला सहसा धोका नाही. पण पोर्टाच्या चिपला तेवढाही नको असतो. म्हणून एचडीएमआय लावताना-काढताना दोन्ही उपकरणं बोर्डावरून बंद ठेवा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या आरसीए पिनांना ही काळजी जास्तच हवी, कारण त्यांची मधली कांडी आधी टेकते आणि बाहेरची कडी मागून.

प्रश्न (नंदनवन): साउंडबार ऑप्टिकलने जोडला, एचडीएमआयनेही जोडून पाहिला. एकदा आवाजच नाही, एकदा आहे पण 'ॲटमॉस' (डॉल्बीचा चहूबाजूंनी येणारा आवाज) येत नाही. काय वापरावं?

उत्तर: एचडीएमआय, पण योग्य भोकात. टीव्हीच्या एकाच पोर्टावर 'एआरसी' (टीव्हीतला आवाज उलट साउंडबारकडे नेणारी वाट) किंवा तिचं सुधारित रूप 'ई-एआरसी' लिहिलेलं असतं आणि साउंडबारवरही तसंच. केबल या दोघांमध्येच हवी. मग टीव्हीत सीईसी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय, चालू करा. प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळं बारसं केलं आहे: सॅमसंगमध्ये 'ॲनीनेट प्लस', एलजीत 'सिंपलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक'. साध्या एआरसीला सीईसी बंद असताना बहुधा आवाज फुटत नाही, आणि पत्रांतल्या निम्म्या तक्रारी इथेच संपाव्यात. त्यानंतर ध्वनी आउटपुट 'एचडीएमआय एआरसी' आणि डिजिटल फॉरमॅट 'पीसीएम'वरून 'ऑटो' किंवा 'पास थ्रू' करा. पीसीएमवर राहिलं तर सहसा दोनच चॅनेल बाहेर पडतात.

ऑप्टिकलमधून दोन चॅनेलचा शुद्ध आवाज किंवा दाबलेला ५.१ जातो, ॲटमॉस जात नाही. एआरसीतून ओटीटीवर येणारा दाबलेला ॲटमॉस जातो. ब्लू-रेवरचा, काहीही न गमावता दाबलेला ॲटमॉस हवा असेल तर ई-एआरसी लागतं, दोन्ही टोकांना. ऑप्टिकलवर आवाजच नव्हता त्याचं कारण कदाचित हास्यास्पद असेल: नव्या केबलच्या टोकांना पारदर्शक प्लास्टिकची बारीक टोपी असते. ती काढली का?

गेमिंग कन्सोल असेल तर तो साउंडबारमधून नेऊ नका. अनेक साउंडबार फोर-के ६० च्या पुढचं चित्र पलीकडे जाऊ देत नाहीत. कन्सोल थेट टीव्हीला, आणि आवाज ई-एआरसीने परत बारकडे.

प्रश्न (वर्धा रोड): घर बांधतो आहोत. हॉलमध्ये प्रोजेक्टर लावायचा, केबल १२ मीटर जाईल. स्लॅब पडायच्या आधी काय टाकून ठेवावं?

उत्तर: केबल नंतर, आधी पाइप. नेहमीची २० किंवा २५ मिमीची पाइप टाकलीत तर पस्तावाल. एचडीएमआयचा धातूचा भाग १४ मिमीच रुंद असला, तरी भोवतीचं प्लास्टिक त्याहून बरंच जाड असतं. सरळ पाइपमधून कसंबसं जातं, पहिल्याच वळणात अडकतं. ४० मिमी पाइप टाका, कोपऱ्यावर काटकोनी एल्बो न लावता मोठं वळण द्या आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. विजेच्या वायरींची पाइप वेगळी ठेवा.

तांब्याची साधी केबल फोर-के ६० ला तीन-चार मीटरपर्यंत बिनधास्त चालते, ४८ गिगाबिटची त्याहून जपून. १२ मीटरवर तांबं घेतलंत तर फुल एचडी कदाचित निघेल. फोर-केला पडद्यावर चमचमते पांढरे ठिपके दिसतील किंवा चित्र येत-जात राहील. तुम्हाला ॲक्टिव्ह ऑप्टिकल केबल लागेल. आत काचतंतू असतात आणि दोन्ही टोकांच्या प्लगमध्ये छोटे इलेक्ट्रॉनिक भाग. तिला दिशा असते: एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले'. उलटी ओढली तर चित्र येणार नाही आणि पुन्हा १२ मीटर ओढावी लागेल. म्हणून ओढण्याआधी फरशीवर पसरून, दोन्हीकडे उपकरणं लावून अर्धा तास चालवून पाहा. ओढताना दोरी प्लगला बांधू नका, केबलच्या अंगाला बांधा, आणि घडी पडू देऊ नका. काचतंतू मोडला की दुरुस्ती नाही.

सोबत नेटवर्कच्या दोन कॅट-६ वायरीही टाकून ठेवा, निखळ तांब्याच्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त पडतात, पण इथे चालत नाहीत. उद्या ऑप्टिकल केबल बिघडली तर एचडीबेस-टी संच लावून याच वायरीवरून चित्र नेता येईल. त्याची मजल १०० मीटरपर्यंत आहे. नुसतं 'एक्सटेंडर' लिहिलेली डबी म्हणजे एचडीबेस-टी नव्हे.

प्रश्न (इतवारी): लग्नाची व्हीएचएस कॅसेट नव्या टीव्हीवर बघायची आहे. कन्व्हर्टर आणला, 'नो सिग्नल' येतं.

उत्तर: कन्व्हर्टरवर काय छापलं आहे ते वाचा. 'एचडीएमआय टू एव्ही' असेल तर उलट्या दिशेचा आणलात. तो नव्या बॉक्ससाठी जुन्या टीव्हीला लागतो. तुम्हाला 'एव्ही टू एचडीएमआय' हवा. दोन्ही डब्या दिसायला जुळ्या भावांसारख्या, आणि चालवायला दोन्हींना यूएसबीतून ५ व्होल्ट लागतात.

पण आधी टीव्हीच्या कडेला 'एव्ही इन' लिहिलेलं ३.५ मिमीचं गोल भोक आहे का बघा. असलं तर कन्व्हर्टर नकोच, चार पट्ट्यांच्या पिनेची केबल पुरते. ती टीव्हीसोबत आलेली किंवा त्याच कंपनीची घ्या. या पिनेवर कोणत्या कडीवर जमीन (ग्राउंड) आणि कोणत्या कडीवर चित्र, याचा सर्वांना बांधील असा नियम नाही. गुरगुर आणि फाटकं चित्र आलं तर पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्याच्या जागी लावून पाहा. जमिनीची कडीच वेगळी असेल तर मात्र केबल बदलण्याला पर्याय नाही. चित्र स्वच्छ पण काळं-पांढरं आलं, तर पिवळी पिन बहुधा हिरव्या भोकात आहे आणि इनपुट 'कंपोनंट'वर आहे. तेच भोक दोन्हींना सामायिक असतं. इनपुट बदलून 'एव्ही' करा. कन्व्हर्टर वापरलात आणि त्यावर पाल-एनटीएससी (टीव्ही-चित्राच्या दोन जुन्या पद्धती) असा खटका असेल, तर आपल्याकडे पाल.

व्हीसीआरमध्ये घालण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून फितीची गुंडाळी बघा. कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. तशीच चालवली तर व्हीसीआरचं हेड खराब होतं आणि फीतही सोलते. आधी साफ करून घ्या. आणि स्वच्छ चालली की पहिल्याच खेपेला यूएसबी कॅप्चरने संगणकावर उतरवा.

प्रश्न (धरमपेठ): मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असतं, टीव्हीला का नसतं? दोन्हीत चांगलं कोणतं?

उत्तर: घराणी वेगळी. एचडीएमआय २००२ मध्ये टीव्ही बनवणाऱ्या सोनी, पॅनासॉनिक, तोशिबा वगैरे कंपन्यांनी आणलं. डिस्प्लेपोर्ट २००६ मध्ये संगणकवाल्यांच्या व्हेसा संस्थेने. डिस्प्लेपोर्टमध्ये एआरसीसारखी उलटी आवाजवाट नाही, त्यामुळे टीव्हीला ते गैरसोयीचं. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट, टीव्हीला एचडीएमआय, इतकं पुरे. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टातून टीव्हीला जायला साधी केबल चालते. कन्सोलच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट मॉनिटरला जायला मात्र वीज लागणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टरच हवा. डिस्प्लेपोर्ट केबल अनोळखी कंपनीची घेऊ नका: प्रमाणित केबलमध्ये २० क्रमांकाची पिन दोन टोकांना जोडलेली नसते. काही स्वस्त केबलींत ती जोडलेली असते, मॉनिटरचे ३.३ व्होल्ट संगणकात शिरतात आणि संगणक सुरू व्हायला कुरकुर करतो. काढताना वरचा खटका दाबून काढा, हिसडा दिलात तर पोर्टच हातात येईल.

प्रश्न (कामठी): फोनला टाइप-सी आहे, टाइप-सी ते एचडीएमआय केबल घेतली, टीव्हीवर काहीच नाही.

उत्तर: टाइप-सी हा भोकाचा आकार आहे, आतून काय वाहतं ते वेगळं. चित्र बाहेर पडायला फोनमध्ये 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' लागतो. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक फोनांत यूएसबी २.० च असतं आणि त्यातून चित्र निघत नाही. केबल परत करा, टीव्हीच्या 'कास्ट' सोयीने वायफायवरून दाखवा.

प्रश्न (सदर): नवतप्यात कूलर लावला की टीव्ही एक-दोन सेकंद काळा होतो, मग आपोआप येतो. कधी आवाज जाऊन परत येतो. टीव्ही दुरुस्तीला द्यावा का?

उत्तर: नको. कूलरची मोटर सुरू-बंद होताना स्विचमध्ये ठिणगी पडते. तिचा खडखडाट एचडीएमआयच्या तारेत शिरला की दोन उपकरणांची लय तुटते आणि ती पुन्हा जुळेपर्यंत पडदा काळा राहतो. कूलर दुसऱ्या बोर्डावर घ्या, कूलरच्या पंख्याचा जळका स्विच बदला, जेमतेम टिकणारी लांब केबल काढून दोन मीटरची चांगली लावा. तरीही झालं तर केबलच्या दोन्ही टोकांना चिमटीची फेराइट कडी बसवून पाहा.

दुसरी गोष्ट कूलरच्या तोंडाची. वाळ्याच्या ताट्यांमधून येणाऱ्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार उडतात, आणि बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षार भरपूर. ते पोर्टांवर वाळून पांढरा थर धरतात. सोन्याचा मुलामा दिलेली पिन घेण्याचा खरा फायदा एवढाच, की ती गंजत नाही. चित्र त्याने सुधारत नाही. आणि टीव्हीचं पोर्ट गंजलं तर केबलच्या सोन्याचाही उपयोग नाही. थर दिसला तर सगळं बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ ब्रश फिरवा, पंधरा मिनिटं सुकू द्या, मग जोडा. कूलर टीव्हीकडे तोंड करून ठेवला असेल तर तो आधी फिरवा.